गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव: डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म: २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अमरावती जिल्हा, मृत्यू: २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ, अमरावती जिल्हा) हे महाराष्ट्रातील कीर्तनकार, समाजसुधारक आणि लोकशिक्षक होते. गाडगेबाबा या नावानेही ते ओळखले जातात. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे या वेषात त्यांनी सुमारे पन्नास वर्षे महाराष्ट्रभर भ्रमंती केली. दिवसा गावाचे रस्ते झाडणे आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धा, अस्पृश्यता, पशुबळी, व्यसने व कर्जबाजारीपणा यांवर प्रहार करणे हा त्यांचा जीवनक्रम होता.

गाडगे महाराज शाळेत गेले नव्हते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. संतांचे अभंग, लोकव्यवहाराचे ज्ञान, शेतीतील कौशल्ये आणि हजारोंचा समुदाय खिळवून ठेवणारी वाणी हे सारे त्यांनी ऐकून, पाहून आणि करून मिळवले. त्यामुळे जाणीवपूर्वक धडे न घेता मन कसे शिकते, या प्रश्नाच्या दृष्टीनेही त्यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे. असे असूनही अक्षरशिक्षणाचा त्यांचा आग्रह अत्यंत तीव्र होता. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. त्यांचा मेळ त्यांच्या पूर्वायुष्यात सापडतो.

बालपण

डेबूजींचा जन्म सध्याच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात महाशिवरात्रीच्या दिवशी झाला. वडिलांचे नाव झिंगराजी आणि आईचे नाव सखुबाई. झिंगराजी दारूच्या आहारी गेले होते. व्यसनापायी घरची स्थिती खालावली आणि १८८४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी डेबूजी आठ वर्षांचे होते. समाजातील देवकार्यांत आणि समारंभांत दारू व मांसाचे जेवण ही रूढ गोष्ट होती. दारू पिणे हा कोणी मुद्दाम शिकवलेला धडा नव्हता, तो चालीरीतीतून अंगी उतरत असे. वडिलांच्या मृत्यूने डेबूजींना या चालीरीतीचे परिणाम घरातच पाहावे लागले.

पतीच्या निधनानंतर सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. तेथे मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजींचे बालपण गेले. त्यांच्याकडे गुरे राखण्याचे काम आले. पुढे नांगरणी, वखरणी, पेरणी, निंदणी अशी शेतीची सर्व कामे ते करू लागले. कष्टाळू गडी आणि पट्टीचा पोहणारा अशी त्यांची ख्याती होती. गोठा साफ ठेवणे, गुरांना धुणे यांची आवडही त्यांना याच काळात लागली.

वऱ्हाडातील मौखिक परंपरा

डेबूजी ज्या भागात वाढले तेथे निरक्षरता म्हणजे वाङ्मयाचा अभाव नव्हता. वऱ्हाडात ग्रंथ वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी होती. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांच्या स्मरणातून गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. याच परंपरेतील महदंबेने ऋद्धिपूर येथे रुक्मिणी व श्रीकृष्णाच्या विवाहावर धवळे रचले. लेखनात येण्यापूर्वी ते गायले गेले.

या विवाहकथेचे स्थान मानले जाणारे कौंडण्यपूर हे गाव जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. विदर्भराजा भीष्मक याची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर अशी त्याची ख्याती आहे. कार्तिक महिन्यात तेथे यात्रा भरते आणि आषाढी वारीसाठी रुक्मिणीची पालखी कौंडण्यपूरहून पंढरपूरला जाते. ही वऱ्हाडातील सर्वांत जुन्या पालख्यांपैकी एक मानली जाते. रुक्मिणीहरणाची कथा या भागातील असंख्य लोकांना पुस्तक न उघडता ठाऊक असे. कीर्तन, भजन, दिंडी, जात्यावरची ओवी आणि लग्नातील गाणी यांतून ती कानावर पडत राही.

दिंडीत चालणाऱ्या मुलाला अभंगाची रचना कोणी समजावून सांगत नाही. पुढचा म्हणतो, मागचे म्हणतात आणि मूलही त्यांच्याबरोबर म्हणू लागते. काही वर्षांनी एखादा चरण चुकला तर ते त्याच्या लगेच लक्षात येते. मात्र काय चुकले, कोणता नियम मोडला, हे त्याला सांगता येत नाही. डेबूजींचे विद्यालय या प्रकारचे होते.

ऐकून आणि करून आलेली विद्या

दापुऱ्यात दिवसभराचे काम संपल्यावर डेबूजी भजनात बसत. पुढे त्यांनी समवयस्क गुराखी व गडी जमवून भजनाचा मेळा उभा केला. वारकरी संतांचे, विशेषतः तुकारामांचे, अभंग आणि कबीराची पदे त्यांना मुखोद्गत झाली. पुढील आयुष्यात कीर्तनाच्या ओघात हवी ती ओळ हव्या त्या क्षणी त्यांच्या ओठी येत असे.

या पाठांतराची रीत शाळेतील घोकंपट्टीहून वेगळी होती. भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. टाळाचा ठेका, चाल आणि यमक यांमुळे पुढचा शब्द मागच्या शब्दाला बांधला जातो. एक शब्द हरवला तरी ठेक्यात त्याची जागा मोकळी राहते आणि स्मरणाला नेमके काय शोधायचे ते कळते. पाठ करण्याचा हेतू नसतानाही असा मजकूर मनात ठसतो. म्हणणाऱ्याचे लक्ष देवाच्या नामाकडे असते. भाषा, छंद आणि रचना या गोष्टी त्याबरोबर नकळत येतात.

शेतीचे ज्ञानही याच मार्गाने आले. पेरणीच्या वेळी जमिनीत ओल पुरेशी आहे की नाही, बैल थकला आहे की अडला आहे, वखर किती दाबायचा, या गोष्टी सोबत काम करताना उमगतात. मराठीत या प्रकारच्या शिकण्यासाठी हात बसणे, अंगवळणी पडणे, कानावरून जाणे, नजर तयार होणे असे शब्दप्रयोग आहेत. त्या सर्वांत ज्ञानाचे ठिकाण हात, कान, डोळा किंवा अंग हे आहे.

सावकारी आणि निरक्षरतेची किंमत

या विद्येची मर्यादा डेबूजींना तरुणपणीच दिसली. मामा चंद्रभानजी कर्जाच्या व्यवहारात अडकले. कागदावर काय लिहिले आहे, किती फेडले आणि किती उरले, हे त्यांना वाचता येत नव्हते. कष्ट करून पैसे भरूनही कर्ज संपले नाही आणि कसदार जमीन सावकाराकडे गेली. या धक्क्यातून चंद्रभानजी सावरले नाहीत. त्यातच त्यांचा मृत्यू झाला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा डेबूजींनी त्यांना प्रतिकार केला, हा प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रांत आला आहे.

शेतीतील सर्व कौशल्य अंगी असलेल्या कुटुंबाची शेती एका कागदामुळे गेली. ऐकून अभंग येतो, पाहून नांगरणी येते. अक्षरे मात्र अशी नकळत येत नाहीत. ती कोणीतरी शिकवावी लागतात आणि लक्ष देऊन शिकावी लागतात. पुढे गाडगे महाराजांच्या कीर्तनात कर्ज काढू नका आणि मुलांना शाळेत घाला हे दोन उपदेश जवळजवळ नेहमी एकत्र येत. त्यामागे हा अनुभव होता.

कौटुंबिक जीवन आणि गृहत्याग

१८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. थोरल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटणाचे जेवण अपेक्षित होते. डेबूजींनी ते नाकारून गोड जेवण दिले. त्यावरून नाराजी झाली, पण त्यांनी माघार घेतली नाही. रूढी मोडण्याची त्यांची ही पहिली उघड कृती मानली जाते.

गृहस्थाश्रमात असतानाच ते पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथील यात्रेला जात असत. नदीच्या निसरड्या काठावरून यात्रेकरू घसरत, म्हाताऱ्या माणसांचे हाल होत. डेबूजींनी तेथे माती टाकून पायवाट करण्यास सुरुवात केली. त्यांना काम करताना पाहून इतरही हात लावू लागले. पुढे त्याच ठिकाणी घाट बांधला गेला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घर सोडून निघाले. त्यानंतरची बारा वर्षे त्यांनी भटकंतीत घालवली. मागून खाल्लेली भाकर, उघड्यावरची झोप आणि कोणाच्याही शेतात न मागता केलेले काम असा हा काळ होता. या काळात त्यांनी खेड्यांतील दारिद्र्य, जातिभेद, नवससायास, यात्रांतील घाण आणि फसवणूक जवळून पाहिली. हातातील गाडग्यामुळे लोक त्यांना गाडगेबुवा म्हणू लागले. अंगावरच्या चिंध्यांमुळे गोधडेबुवा, चिंधेबुवा अशीही नावे पडली.

कीर्तन

गाडगे महाराजांचे कीर्तन रूढ नारदीय किंवा वारकरी कीर्तनासारखे नव्हते. त्यात पूर्वरंग-उत्तररंगाची आखणी, शास्त्राधार किंवा संस्कृत वचने नसत. भाषा वऱ्हाडी बोलीची होती. आरंभी ते सर्व समुदायाकडून एका सुरात नामघोष करवून घेत. शेकडो, पुढे हजारो माणसे एकाच ठेक्यावर टाळ्या वाजवू लागली की जातीपातीने वेगवेगळी बसलेली माणसे काही काळ तरी एका लयीत येत.

त्यानंतर ते श्रोत्यांना प्रश्न विचारत. प्रश्न साधे, रोजच्या जगण्यातले असत. देव कोठे राहतो, दगडाला भूक लागते काय, बोकड कापून ताप उतरतो काय, तिथीच्या जेवणासाठी काढलेले कर्ज पितर फेडतात काय, अशा आशयाचे हे प्रश्न असत. श्रोते एकमुखाने होकार किंवा नकार देत. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघे आणि आठ-दहा प्रश्नांनंतर श्रोते अशा निष्कर्षाला येऊन पोहोचत की ज्याला त्यांनी सुरुवातीलाच विरोध केला असता. निष्कर्ष कीर्तनकाराच्या तोंडून येत नसे; तो श्रोत्यांच्याच तोंडून वदवला जाई.

या पद्धतीचे महत्त्व समजण्यासाठी त्या श्रोत्यांची मनोभूमिका लक्षात घ्यावी लागते. अस्पृश्यता पाळणारा सामान्य माणूस त्या रूढीचे समर्थन वाचून ती पाळत नव्हता. लहानपणी कोणाच्या घरचे पाणी प्यायचे नाही, कोणाजवळून जाताना आईने हात ओढला, कोण ओसरीच्या खाली बसतो, हे पाहून तो ती शिकला होता. नवस, बळी आणि व्यसन यांचेही तसेच होते. नकळत शिकलेली गोष्ट माणसाला शिकलेली वाटत नाही. ती सृष्टीचा नियम वाटते. म्हणून तिच्याविरुद्ध केलेला युक्तिवाद बहुधा वाया जातो. गाडगे महाराजांचे प्रश्न त्या रूढीला आधी शब्दांत आणत. एकदा ती स्वतःच्या तोंडून उच्चारली गेली की तिच्यातील विसंगती ऐकू येई आणि समुदाय हसू लागे. समुदायाचे ते हसणे हा कीर्तनाचा कणा होता.

कीर्तन संपले की ते बहुधा त्या गावी थांबत नसत. कोणी पाया पडू लागल्यास ते रागावत किंवा पळ काढत. त्यांनी कोणाला गुरुमंत्र दिला नाही, कोणाला शिष्य मानले नाही आणि स्वतःचा पंथ काढला नाही. १९२३ मध्ये कोकणातील खारेपाटण येथे असताना त्यांचा मुलगा गोविंद याच्या मृत्यूची वार्ता त्यांना कळली. त्यांनी चालू कीर्तन थांबवले नाही.

खराटा: कृतीतून शिक्षण

गावात आल्यावर गाडगे महाराज प्रथम खराटा घेऊन रस्ते, देवळापुढचे पटांगण, नाल्या आणि पाणवठ्याचा परिसर झाडू लागत. त्याबद्दल ते आधी भाषण देत नसत. एक अनोळखी, फाटका माणूस आपल्या दारापुढची घाण काढतो आहे हे पाहून लोक प्रथम कुतूहलाने जमत, मग काहीजण ओशाळून मदतीला येत. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ झालेले असे आणि हाच माणूस कीर्तन करणार आहे हे तेव्हा अनेकांना कळे.

झाडणे हे हलके काम आणि ते ठराविक जातींनीच करायचे, ही समजूतही पाहण्यातूनच रुजलेली होती. ती उखडण्यासाठी त्यांनी पाहण्याचाच मार्ग वापरला. आदरास पात्र ठरलेला माणूस रोज खराटा हातात घेतो, हे दृश्य हजारो गावांनी पाहिले. त्यांच्या कीर्तनातील शब्द विसरलेल्या माणसांनाही हे दृश्य आठवत राहिले.

पंढरपूरच्या वारीतही त्यांचे वर्तन असेच होते. ते आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात असत, परंतु देवळात दर्शनासाठी जाण्याऐवजी चंद्रभागेचे वाळवंट झाडणे, वारकऱ्यांची सोय पाहणे आणि रात्री वाळवंटात कीर्तन करणे यांत त्यांचा वेळ जाई.

अक्षरशिक्षणाचा आग्रह

गाडगे महाराजांनी आपल्या निरक्षरतेचे कधीही गोडवे गायले नाहीत. अनुभवाचे ज्ञान असले की शाळेची गरज नाही, असा निष्कर्ष त्यांच्या उदाहरणावरून काढता येईल. त्यांनी मात्र तो काढू दिला नाही. घरातील भांडी विकावी लागली, भाकरी हातावर घेऊन खावी लागली, बायकोसाठी कमी किमतीचे लुगडे घ्यावे लागले तरी चालेल, पण मुलांना शाळेत पाठवल्याशिवाय राहू नये, असे ते कीर्तनात सांगत. शिक्षणाचे महत्त्व पटवताना ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण देत.

आंबेडकरांशी त्यांचे स्नेहाचे संबंध होते. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळेची इमारत त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थी वसतिगृहासाठी सोपवली. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याचेही ते पाठीराखे होते. भाऊरावांनी १९५४ मध्ये कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव दिले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला देण्याचे महाराष्ट्रातील हे ठळक उदाहरण आहे.

संस्था आणि बांधकामे

लोकांनी दिलेल्या पैशांतून गाडगे महाराजांनी धर्मशाळा, घाट, सदावर्ते, गोरक्षण संस्था, वसतिगृहे आणि शाळा उभारल्या. स्वतःच्या कुटुंबासाठी त्यांनी त्यातील काहीही घेतले नाही. त्यांच्या प्रमुख कार्यांत पुढील गोष्टींचा समावेश होतो.

• ऋणमोचन (अमरावती जिल्हा) येथे पूर्णा नदीवरील घाट आणि सदावर्त
• पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा आणि इतर धर्मशाळा
• मूर्तिजापूर येथील गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय
• नाशिक, आळंदी व देहू येथील धर्मशाळा
• मुंबईतील जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि या संस्थांची व्यवस्था तिच्याकडे आली. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, गरिबांच्या मुलांना शिक्षण, बेघरांना आसरा, रोग्यांना औषध, बेकारांना रोजगार, मुक्या प्राण्यांना अभय अशा दहा कलमांत त्यांच्या कार्याचा सारांश दिला जातो. ही दशसूत्री त्यांच्या अनेक संस्थांच्या भिंतींवर लिहिलेली आढळते.

समकालीन

वऱ्हाडातील आणखी दोन संतांशी त्यांची तुलना अभ्यासक करतात. माधान येथील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी बालपणीच गेली होती. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी विद्वत्ता मिळवली आणि विपुल ग्रंथरचना केली. ऐकणे हे दोघांचेही साधन होते, परंतु गुलाबरावांचे ऐकणे हेतुपूर्वक केलेले अध्ययन होते आणि डेबूजींचे ऐकणे जगण्याचा भाग होते. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनी कौंडण्यपूर ज्या तालुक्यात आहे त्याच तिवसा तालुक्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. खंजिरी भजनातून त्यांनी ग्रामसुधारणेचा विचार मांडला. गाडगे महाराज आणि त्यांच्यात परस्परांविषयी आदर होता.

शेजारच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) हे आणखी एक समांतर उदाहरण आहे. निरक्षर असलेल्या बहिणाबाईंनी घरात व शेतात काम करताना ओव्या रचल्या. त्यांचा छंद निर्दोष आहे, मात्र छंदशास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मानसशास्त्राच्या दृष्टीने

आपण शिकत आहोत याची जाणीव नसताना होणाऱ्या शिक्षणाला मानसशास्त्रात अबोध किंवा अव्यक्त अध्ययन म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर रेबर यांनी १९६७ मध्ये या विषयावरील एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही गुप्त नियमांनुसार अक्षरांच्या निरर्थक माळा तयार केल्या आणि सहभागी व्यक्तींना त्या केवळ पाठ करण्यास सांगितले. नंतर, या माळांमागे नियम होते एवढेच सांगून, नव्या माळा नियमाला धरून आहेत की नाहीत हे ओळखण्यास सांगितले. सहभागींची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा बरीच अधिक अचूक आली, पण नियम कोणता हे त्यांना नीट सांगता आले नाही. अभंगाचा चुकलेला चरण ओळखणारा आणि कारण सांगू न शकणारा वारकरी या सहभागींच्या जवळचा आहे.

कौशल्यांची स्मृती घटनांच्या स्मृतीहून वेगळी असते, हेही विसाव्या शतकात स्पष्ट झाले. कॅनडातील ब्रेंडा मिल्नर यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणाऱ्या एका रुग्णाला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्यास दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे काम पूर्वी केले आहे याची मात्र त्याला आठवण नसे. हात बसतो म्हणजे काय, याचे हे प्रायोगिक रूप म्हणता येईल.

अबोध अध्ययन पूर्णतः जाणिवेबाहेर असते काय, याविषयी मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते सहभागींना संपूर्ण नियम नसले तरी त्यांचे तुकडे जाणिवेत असतात आणि योग्य प्रश्न विचारल्यास ते सांगता येतात. अशा प्रकारचे ज्ञान शिकलेल्या परिस्थितीबाहेर सहजासहजी लागू होत नाही, हेही अनेक प्रयोगांत दिसले आहे.

गाडगे महाराजांना या संशोधनाची माहिती असणे शक्य नव्हते. त्यातील बराच भाग त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे. परंतु त्यांच्या कार्यात या विषयाच्या तीन बाजू एकत्र दिसतात. त्यांची स्वतःची विद्या नकळत आलेली होती. समाजाचे दोषही नकळत शिकलेले आहेत हे ओळखून त्यांनी प्रश्नांच्या साहाय्याने ते उघड्यावर आणले. आणि जे नकळत येऊ शकत नाही, त्या अक्षरज्ञानासाठी त्यांनी शाळा व वसतिगृहे उभारली.

निधन

अखेरच्या वर्षांत प्रकृती खालावूनही त्यांचे दौरे चालू होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा येथे त्यांनी कीर्तन केले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले असून त्यांच्या आवाजाचा व पद्धतीचा तो दुर्मीळ पुरावा आहे. लेखन मागे न ठेवलेल्या या कीर्तनकाराचे शब्द बाकी श्रोत्यांच्या आठवणींतूनच पुढे आले आहेत.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे प्रवास करत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगे महाराजांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी अमरावती शहरात असून तो भाग गाडगेनगर या नावाने ओळखला जातो.

स्मृती आणि वारसा

प्रबोधनकार ठाकरे यांनी गाडगे महाराजांचे चरित्र त्यांच्या हयातीतच, १९५२ मध्ये, लिहिले. गो. नी. दांडेकर यांनीही त्यांचे चरित्र लिहिले आहे. १९७७ मध्ये राजदत्त दिग्दर्शित देवकीनंदन गोपाला हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला, त्यात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगे महाराजांची भूमिका केली. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ हे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतः गाव झाडावे ही त्याची मूळ कल्पना गाडगे महाराजांच्या कामाच्या रीतीवरून घेतलेली आहे. शेंडगाव, दापुरे, ऋणमोचन, मूर्तिजापूर आणि वलगाव ही त्यांच्या जीवनाशी निगडित प्रमुख स्थळे आहेत.